ताटात काय पडतं, ते कोण ठरवतं? लठ्ठपणा, आहार आणि धोरणांबद्दल मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे परळ-लालबागपासून विरार-कल्याणपर्यंतची माणसं येतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. वजन वाढलं की सगळं खापर त्या माणसाच्या जिभेवर फोडायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. सवयी आपल्याच असतात, पण कुठली सवय स्वस्त पडेल आणि कुठली महाग, हे बरंचसं रेशनचं दुकान, हमीभाव, आयातशुल्क आणि कर ठरवतात.

तोंडावर ताबा ठेवला की वजन उतरतं. यात सरकार कुठून आलं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. २०१५-१६ मध्ये देशातल्या २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेलं. एवढ्या थोड्या वर्षांत कोट्यवधी माणसांचा मनोनिग्रह एकदम ढासळला असं मानायला मी तयार नाही. माणसं तीच आहेत, त्यांच्या आजूबाजूचं खाणं बदललं.

२०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकाच्या गटाने एक नेटका प्रयोग केला. २० माणसांना संशोधन केंद्रात ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं ताजं जेवण. दोन्ही वेळा समोर मांडलेल्या अन्नातली साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ आणि चोथा (फायबर) सारखाच होता आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ एक किलोने वाढलं. ताज्या जेवणावर आल्यावर तेवढंच उतरलंही. समोरचं ताट बदललं की भूक बदलते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

हमीभावाचा माझ्या चपाती-भाताशी काय संबंध?

फार जवळचा. १९६० च्या दशकात आपला देश परदेशी गव्हाच्या जहाजांची वाट बघत होता. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आणि दुष्काळी कामांवर खायला वाटलेली सुकडी घरातल्या वयस्कर मंडळींना अजून आठवते. त्या भुकेवर उपाय म्हणून गहू आणि तांदूळ वाढवायचं ठरलं, आणि तेव्हा ते योग्यच होतं. त्या निर्णयाने माणसं जगली, हे विसरून त्याच्यावर टीका करणं मला पटत नाही.

अडचण पुढची आहे. हमीभाव जाहीर होतो २२ पिकांना, पण सरकार दरवर्षी खात्रीने आणि प्रचंड प्रमाणात खरेदी करतं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. सोलापूर, मराठवाड्याकडच्या शेतकऱ्याने काय करायचं? त्याने ज्वारी कमी केली, सोयाबीन आणि उसाकडे वळला. त्याचा हिशेब चूक नव्हता. पण जी ज्वारी एकेकाळी गरिबाचं धान्य होती, तिची चांगली मालदांडी मुंबईच्या दुकानात आज गव्हापेक्षा महाग मिळते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या म्हणण्यानुसार दिवसभराच्या ऊर्जेतला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंत असावा, तो प्रत्यक्षात ५० ते ७० टक्के आहे. डाळी, अंडी, मांस-मासे मिळून १४-१५ टक्के हवेत, ते ६ ते ९ टक्क्यांवर अडकले आहेत. याच संस्थेच्या अंदाजाप्रमाणे देशातल्या एकूण आजारपणाच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के वाटा सदोष आहाराचा आहे. धान्याने भरलेलं हे ताट एकेका घराने स्वतंत्रपणे निवडलेलं नाही, त्यामागे साठ वर्षांचं धोरण आहे.

रेशनचं धान्य आता फुकट मिळतं. मग तक्रार कसली?

रेशन बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्याने किती घरं तरली, हे टाळेबंदीच्या काळात आपण डोळ्यांनी पाहिलं.

पण पिशवी उघडून बघा. पाच माणसांच्या घरात २५ किलो गहू-तांदूळ येतो, म्हणजे माणशी रोज साधारण १६५ ग्रॅम, ६०० च्या आतबाहेर कॅलरी. बाकीचं, म्हणजे डाळ, भाजी, दूध, अंडी, सगळं बाजारभावाने. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे संपत आले की आधी डाळ पातळ होते, मग भाजी जाते. उरतो भात आणि त्याच्यावर तिखट-मीठ-तेल, नाहीतर चहा-चपाती. पोट भरतं, पण प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळत नाहीत.

हे बदलता येतं. तामिळनाडूत रेशनच्या दुकानात तूरडाळ सवलतीत मिळते. आपल्याकडेही २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली १० रुपयांची शिवभोजन थाळी याच कारणासाठी मला महत्त्वाची वाटते. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. त्या थाळीत वरण आणि भाजी आहे, हा तिचा मोठा गुण. हमाल, सुरक्षारक्षक, रुग्णालयात भरती असलेल्याचे नातेवाईक यांना १० रुपयांत याहून बरं काय मिळतं? बाहेर त्या पैशांत बिस्किटाचा पुडा येतो.

सणाला 'आनंदाचा शिधा' मिळायचा. तो तर चांगलाच होता ना?

सणाला घरात गोडधोड व्हावं ही इच्छा चांगलीच. २०२२ च्या दिवाळीला रेशनकार्डावर १०० रुपयांत १ किलो रवा, १ किलो साखर, १ किलो चणाडाळ आणि १ लिटर पामतेल दिलं गेलं. या चारांतली चणाडाळ मला सगळ्यात जास्त आवडली. सणाच्या शिध्यात साखर-तेल असणं मी समजू शकते, पण मग डाळ वर्षभर का नको?

तेल कुठलं वापरावं? पामतेल वाईट असतं का?

'कुठलं' याआधी 'किती' हे विचारा. साध्या घरगुती जेवणात माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम तेल-तूप पुरे. चौघांच्या घरात महिन्याला साधारण तीन लिटर. माझ्याकडे येणाऱ्यांना मी कॅलरी मोजायला सांगत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेलाच्या पिशवीवर तारीख लिहा आणि ती कधी संपते ते बघा, एवढंच सांगते. बहुतेक घरांत पाच-सहा लिटर जातं, आणि ते कुणालाच माहीत नसतं, कारण फोडणी डोळ्याच्या अंदाजाने पडते. बाटलीऐवजी चमच्याने तेल घालायला लागलं की महिन्याभरात फरक दिसतो.

आता पामतेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त आपण आयात करतो आणि त्यात मोठा भाग इंडोनेशिया-मलेशियातल्या पामतेलाचा आहे. ते स्वस्त आहे, त्याला वास नाही, तळणीत टिकतं. म्हणूनच फरसाण, बिस्किटं, वेफर्स, खारी, टोस्ट, सगळीकडे तेच. आयातशुल्क कमी-जास्त झालं की या सगळ्या धंद्याचं गणित हलतं. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. महागाईचा विचार करता ते समजण्यासारखं आहे. पण तळलेलं खाणं स्वस्त राहण्याची व्यवस्थाही अशीच होत असते.

धोरणाने भलं कसं होतं त्याचंही उदाहरण तेलाचंच आहे. वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट हृदयाला घातक. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. त्यासाठी एकाही ग्राहकाला मनोनिग्रह करावा लागला नाही. खारी तीच राहिली, तिच्यातलं विष कमी झालं. मला अशी धोरणं हवी आहेत.

वडापाव सोडायचा का?

नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर सुरू झालेला हा पदार्थ गिरणी कामगाराची भूक ओळखून जन्माला आला. उभ्याने, एका हातात, दोन मिनिटांत, परवडणाऱ्या पैशांत खाता येणारा. त्या गरजेला तुच्छ लेखू नये.

पण त्यात आहे काय ते बघू. मैद्याचा पाव, बटाट्याचा वडा, बेसनाचं पातळ आवरण, तळणीचं तेल. म्हणजे पिष्टावर पिष्ट आणि त्याला तेलाची जोड, चोथा जवळजवळ नाही, प्रथिनं नावापुरती. एकात साधारण ३०० कॅलरी. महिन्यातून चार वडापाव खाणाऱ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते रोज संध्याकाळी साडेसहाला दोन वडापाव, वर गोड चहा, आणि घरी पोहोचून साडेदहाला पूर्ण जेवण, असं चालू असतं तेव्हा. दुपारी एकचा डबा आणि रात्री साडेदहाचं जेवण यात नऊ-साडेनऊ तासांची पोकळी आहे, ती वडापाव भरतो. ती पोकळी आधी भरा: पाच वाजता मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे, एक केळं किंवा उकडलेलं अंडं. स्टेशनवर पोहोचेपर्यंत भूक निवलेली असते. मग वाटलं तर एक वडापाव खुशाल खा.

गाडीवरच्या कढईकडेही बघत जा. तेल काळपट आणि चिकट झालं असेल, तापताना फेसाळत आणि धुरकटत असेल, तर पुढच्या गाडीवर जा. तेच तेच तेल किती वेळा तापवायचं याला २०१८ पासून कायद्याची मर्यादा आहे. तेलातली खराब झालेली द्रव्यं २५ टक्क्यांवर गेली की ते वापरता येत नाही. तपासणी मात्र फारच कमी दिसते.

दिवसाचे तीन-चार तास लोकलमध्ये जातात. ताजा स्वयंपाक करायचा कधी?

मला सगळ्यात कळीचा वाटणारा प्रश्न हाच. विरार लोकलच्या महिला डब्यात संध्याकाळी सातला एकदा नीट बघा. मांडीवर वर्तमानपत्र पसरून कुणी गवार मोडत असते, कुणी मेथी निवडत असते, कुणी मटार सोलत असते. बोरिवली जाईपर्यंत भाजी पिशवीत, देठं दुसऱ्या पिशवीत. नोकरीची पाळी संपायच्या आधीच घरची पाळी सुरू झालेली असते. या बायकांना 'बाहेरचं खाऊ नका, ताजं करा' एवढंच सांगणं हा सल्ला नव्हे.

परवडणारं घर कामापासून पन्नास किलोमीटरवर आहे. कामाचे तास नऊ-दहा. या गोष्टी आहारधोरणात कुणी मोजत नाही, पण पाकिटातले नूडल्स रात्री दहाला का उकळतात याचं उत्तर तिथेच आहे.

जमण्यासारखं सांगते. पोळ्या विकत घ्यायला लाजू नका. प्रत्येक वस्तीत आता पोळी-भाजी केंद्र किंवा घरगुती पोळ्या करून देणारी कुणीतरी असते. विकतच्या पोळ्या आणि घरची उसळ, हे विकतच्या पावभाजीपेक्षा कितीतरी बरं. रविवारी मटकी, मूग, चवळी भिजत घाला. मोड आले की फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात. कुकरला डाळ लावताना त्यातच दुधी, पालक, शेवग्याच्या शेंगा टाका, वेगळी भाजी नको. पिठलं दहा मिनिटांत होतं.

आणि घरातल्या पुरुषांनी हातभार लावायलाच हवा. मी मधुमेहाच्या पुरुष रुग्णांना सोबत बायकोला आणा असं सांगत नाही, त्यांनाच कुकर लावायला शिकायला सांगते. ज्याचं पथ्य त्याने निदान डाळ शिजवावी.

मी तर बारीकच आहे. मला कशाला काळजी?

पोट सुटलंय का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंची-वजनाचा निर्देशांक (बीएमआय) दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली शरीरं अशी आहेत: हातपाय काटकुळे, चरबी पोटात. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या नवजात बाळांच्या अभ्यासातही याज्ञिकांना हेच दिसलं. बाळं वजनाने कमी, पण चरबीचा साठा राखून असलेली. आईचं गरोदरपणातलं पोषण त्यामागे आहे.

म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, कमरेला टेप लावा. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की साखर, रक्तदाब तपासून घ्या. आपल्यासाठी निर्देशांकाची रेषाही खाली आहे: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा.

वस्त्यांमध्ये कुपोषण आहे म्हणतात. मग तिथेच लठ्ठपणा कसा?

एकाच दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही सापडतात. मुलाचं वजन वयाच्या मानाने कमी, आईचं जास्त, आणि आईचंच हिमोग्लोबिनही कमी. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. कारण एकच आहे: स्वस्तात मिळतं ते पिष्ट, साखर आणि तेल, आणि लोह-प्रथिनं त्यामानाने महाग. लहान मुलाच्या हातात पाच रुपयांचं कुरकुऱ्यांचं पाकीट दिलं की त्याची जेवणाची भूक मरते. आई सगळ्यांच्या मागून जेवते. तिच्या वाट्याला भाजी उरत नाही, म्हणून भात जास्त खाते आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तेही संपवते. या बाईला आळशी म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. ती पहाटे पाचला पाणी भरायला उठते.

भाकरी सुरू केली की झालं ना?

भाकरी जरूर खा, चोथा मिळतो, पोट टिकतं. पण एवढ्यावर थांबू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये आले. भारतीयांच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. पांढरा तांदूळ काढून त्याजागी तेवढीच चपाती किंवा भरडधान्य घातल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्ट थोडं कमी करून त्याजागी डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतली प्रथिनं आली तेव्हा कमी झाला. म्हणजे तीन चपात्यांच्या जागी तीन भाकऱ्या केल्यात तर गणित जागच्या जागी. दोन भाकऱ्या आणि वाटीभर जास्त उसळ, हा खरा बदल.

प्रथिनं महाग असतात. गरिबाने काय खावं?

भात-चपातीपेक्षा महाग असतात, पण वाटतात तेवढी नाहीत; तसं वाटतं ते पनीर आणि डब्यातल्या पावडरीच्या जाहिरातींमुळे. मुंबईच्या बाजारात स्वस्त प्रथिनं भरपूर आहेत. चणे, मटकी, चवळी, मसूर, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या, अंडी, ताक. मासे खाणाऱ्यांनी पापलेट-सुरमईचा हट्ट सोडावा. मांदेली, बांगडा, ओले बोंबील, हंगामात तारली घ्या. तव्यावर कमी तेलात भाजलेला बांगडा हृदयासाठी उत्तम. पावसाळ्यात सुकट, जवळा, सोडे आहेतच. मीठ जास्त असतं, म्हणून गरम पाण्यातून दोनदा धुऊन घ्या.

साखर किती चालते? गूळ घातला तर?

दिवसाला २०-२५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे, सगळं धरून. दिवसाला चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे घेतले की मर्यादा चहातच ओलांडली. ३०० मिलिलिटरच्या कोला पेयात ३० ग्रॅमच्या वर साखर असते, एका बाटलीत दिवसाचा कोटा संपतो. गूळ शरीरासाठी साखरच आहे. चवीला घ्या, औषध म्हणून नको.

महाराष्ट्र साखरेचं राज्य आहे. ऊस हे असं पीक आहे ज्याचा भाव कायद्याने बांधलेला आणि खरेदीदार ठरलेला. डाळीला तसा आधार मिळाला असता तर शेतकरी तिकडेही वळला असता.

उपवास केल्याने वजन उतरतं का?

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच बायकांनी घडवली, त्या अनुभवी होत्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्यात बटाटा, तूप, शेंगदाण्याचं कूट, जोडीला बटाट्याचा चिवडा. श्रद्धेने उपवास करत असाल तर वरईचा भात, राजगिरा, ताक, रताळं, काकडीची कोशिंबीर, फळं असा करा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मुलं शाळेतून येताना पाकिटं खातात. शाळेने काय करायला हवं?

२०२० च्या नियमांप्रमाणे चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि त्याभोवती ५० मीटरमध्ये विकता येत नाहीत. हा नियम बहुतेक पालकांना माहीतच नसतो. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, कुठल्या पेयात किती साखर आहे ते मुलांना दिसावं म्हणून. कल्पना चांगली आहे, पण फलक आत आणि पाकिटांच्या माळा फाटकासमोर, असं असेल तर मूल माळेकडेच बघणार.

आणि एक गोष्ट मनाला लागलेली आहे. २०२३ च्या अखेरीस राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला, अंडी द्यायची तर लोकवर्गणीतून द्या असं ठरलं. ज्या मुलांना घरी अंडं मिळत नाही, त्यांच्या शाळेत वर्गणी कोण देणार?

पाकिटावरचं काय वाचायचं?

दर्शनी भागावरचे 'मल्टिग्रेन', 'आटा', 'दूधयुक्त' हे शब्द सोडून द्या. पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीनांत मैदा, साखर, पामतेल असेल तर ते तेच आहे, नाव काहीही असो. माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज ही साखरेच्याच घरातली नावं.

एवढी कसरत ग्राहकाने का करावी, हाही प्रश्न आहे. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर-मीठ-चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले. लहान मुलालाही कळतात. आपल्याकडे २०२२ मध्ये पाकिटावर तारे देऊन दर्जा दाखवायची पद्धत सुचवली गेली. वाईट पदार्थालाही एखादा तारा मिळणार, आणि तारा म्हणजे शाबासकी, म्हणून अनेक डॉक्टरांनी तिला विरोध केला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला यात लक्ष घालावं लागलं. मला ठळक इशारा हवा आहे, मराठीतही.

जंक फूडवर कर लावून खरंच काही होतं?

होतं, जर दुसरी बाजूही सांभाळली तर. मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि खप घटला. केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड दुकानांतल्या बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला होता, तो पुढे जीएसटीत विरघळला.

आज गोड फसफसणाऱ्या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, ते योग्य आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, फरसाण, नूडल्स, चॉकलेट ५ टक्क्यांवर आली. पाकीटबंद लेबल लावलेल्या तूरडाळीवरही ५ टक्केच. डाळ आणि चॉकलेट एकाच पायरीवर. घरखर्च हलका व्हावा हा हेतू असेल, पण मग डाळीवरचा कर शून्य करा, अशी मागणी आपण करायला हवी होती.

चालायला जागाच नाही, मग व्यायाम कसा करायचा?

मुंबईत माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरसुद्धा नाही, हे खरं आहे. तरी एक स्टेशन आधी उतरून चालणं, जिने, घरातल्या घरात पंचवीस उठाबशा, हे जमतं. व्यायामाने साखर आणि रक्तदाब सुधारतात, वजन मात्र मुख्यतः खाण्याने उतरतं.

वजन उतरवणारी इंजेक्शनं घ्यावीत का?

२०२५ पासून ती भारतात अधिकृतपणे मिळू लागली आहेत. ज्यांचं वजन खूप आहे, मधुमेह आहे, त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोग होतो. लग्नाआधी पाच किलो उतरवायला नकोत. बंद केल्यावर वजन बहुधा परत येतं, आणि प्रथिनं कमी खाल्ली तर स्नायू झडतात.

आमच्यासारख्या साध्या माणसांनी धोरण कसं बदलायचं?

जवळून सुरुवात करा. मूल पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. बैठकीला जा आणि दोनच गोष्टी विचारा: खिचडीत डाळ-भाजी ठरल्याप्रमाणे पडते का, आणि फाटकापासून ५० मीटरवर काय विकलं जातं. रेशन दुकानात धान्य कमी मिळालं तर शिधावाटप कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. काळं तेल दिसलं तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा. कचेरीत बैठकीला बिस्किट-समोसा येत असेल तर चणे-फळं मागवायला सांगा, खर्च तेवढाच येतो. मतं मागायला येणाऱ्याला रस्ता-पाणी विचारता तसं हेही विचारा: रेशनवर डाळ कधी देणार, आणि शाळेतलं अंडं परत कधी सुरू करणार?